‘टेस्टिंग चार आठवड्यांत बसव’ म्हणतात. सही करू का?

‘ताई, मी मूळचा देवगड तालुक्यातला, वय ३२, सिव्हिल इंजिनियर. आठ-नऊ वर्षं पूल, एक हॉस्पिटल, दोन शाळा अशी कामं केली. दिवाळीनंतर आमच्या कंपनीने तळोज्याजवळ डेटा सेंटरचं काम घेतलं. पहिला टप्पा १२ मेगावॅटचा, मुदत १६ महिने, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मार्चअखेर हँडओव्हर. प्लॅनिंग माझ्याकडे आहे. खोदाईत एका बाजूला काळा कातळ लागला आणि दुसऱ्या बाजूला खाडीचा मऊ चिखल. त्यात आम्ही सहा आठवडे मागे पडलो. साहेब म्हणतात, शेवटी टेस्टिंगला दहा आठवडे धरलेत त्याचे चार कर, तारीख हलवू नकोस, आणि सोमवारी सुधारित शेड्यूल सही करून क्लायंटला पाठव. मी सिव्हिलवाला. वीज आणि एसीच्या मीटिंगला मी गप्पच बसतो. सही करू का? नाही केली तर माझं काय होईल? आणि बाबा म्हणतायत, दोन वर्षं गणपतीला आला नाहीस, यंदा तरी ये. तेही जमेलसं दिसत नाही. मला अरेतुरे केलंत तरी चालेल.’
– देवगडचा एक वाचक

सही करू नकोस. निदान त्या चार आठवड्यांच्या कागदावर तरी नको. साहेबांना तारीख हवी आहे. ती कदाचित मिळेलही. पण ती टेस्टिंग कापून मिळवायची नाही, दुसरीकडून मिळवायची. कुठून, ते सांगते. आधी मी एवढ्या ठामपणे का बोलतेय ते ऐक.

बऱ्याच वर्षांपूर्वी नवी मुंबईत खाडीच्या अंगाला एका लहानशा डेटा सेंटरचं कमिशनिंग, म्हणजे सगळ्या यंत्रणा चालवून तपासण्याचं काम, माझ्याकडे होतं. माझ्यासमोरही असाच कागद आला: सहा आठवड्यांचे अडीच. मी सही केली. इमारत वेळेवर दिली, फीत कापली, पेढे वाटले. जुलैतल्या एका रात्री धो धो पावसात बाहेरची वीज गेली. यूपीएसने भार धरला, बाराव्या सेकंदाला जनरेटर आले, एकही सर्व्हर पडला नाही. आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोवर लक्षात आलं की हॉलमध्ये वारा आहे पण थंडावा नाही. गार पाण्याचे पंप उठलेच नव्हते. पंप दोन होते, ए आणि बी, दोन वेगळ्या पॅनलवर. ड्रॉइंगमध्ये एक लाल रेघ, एक निळी. पण दोघांच्या कंट्रोलची वीज एकाच छोट्या एमसीबीवरून घेतलेली होती, आणि तो एमसीबी यूपीएसवर नव्हता. वीज जाऊन आली तशी कंट्रोलर ‘मॅन्युअल’वर येऊन बसला. कोणीतरी गच्चीवर जाऊन हाताने बटण दाबेपर्यंत पंप उठणार नव्हते.

मी रॅकच्या, म्हणजे सर्व्हरच्या कपाटाच्या, पुढे हातात थर्मामीटर धरून उभी होते. २४, २७, ३१. सातव्या मिनिटाला ३७. रॅकच्या मागच्या बाजूला हात धरवत नव्हता. ड्युटीवरचा मुलगा पावसात दोन जिने चढून गच्चीवर धावला, तेव्हा कुठे पंप सुरू झाले. काही मशिनं तोपर्यंत स्वतःहून बंद झाली होती, आणि ज्यांचं काम त्यांच्यावर चालायचं त्यांची ती रात्र आणि पुढचा दिवस त्यातच गेला.

ही चूक सापडायला काय लागलं असतं? एक दुपार. मेन ब्रेकर उघडायचा आणि काय काय उठतं, काय काय उठत नाही ते बघत उभं राहायचं. ती दुपार मी कापलेल्या साडेतीन आठवड्यांत होती. त्या कागदावरची सही माझी होती, आणि ते आजही मला विसरता येत नाही.

आता तुझ्या कामाकडे येऊ. १२ मेगावॅट म्हणजे नेमकं काय, ते एकदा मनात पक्कं कर. सर्व्हरमध्ये गेलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर येते. म्हणजे तुझ्या हॉलांमध्ये एकेक किलोवॅटच्या १२,००० शेगड्या रात्रंदिवस पेटलेल्या असणार. ती उष्णता उचलायला सुमारे ३,४०० टन कूलिंग लागतं. घरातला दीड टनाचा एसी धरला तर असे सव्वादोन हजारांहून जास्त एसी. तू आजवर बांधलेल्या इमारतींत एसी तासभर बंद पडला तर माणसं घामाघूम होत, खिडक्या उघडत. इथे खिडकी नाही आणि हातात तासही नाही, काही मिनिटं आहेत. म्हणून या इमारतीत भिंती-स्लॅब हे काम अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे एक गोष्ट पडली की दुसरी आपोआप उठते, हे डोळ्यांनी पाहून खात्री करणं.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ तुला आठवत असेल. कळवा-पडघा भागातल्या वाहिन्यांच्या बिघाडातून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबईची वीज जात नाही अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ती त्या दिवशी गेली. तुझी इमारत अशाच सकाळसाठी बांधली जातेय. तशी सकाळ आपण स्वतः मुद्दाम घडवून आणायची आणि निभावतंय का ते पाहायचं, यालाच टेस्टिंगचा शेवटचा टप्पा म्हणतात.

टेस्टिंगच्या पाच पायऱ्या असतात. पहिली कारखान्यात: चिलर (पाणी गार करणारी यंत्रं), जनरेटर, पॅनल तिथेच चालवून बघायचे. दुसरी माल साइटवर उतरल्यावर आणि जागेवर बसल्यावर: डाग, फूट, चुकीचा नट, चुकीची केबल. तिसरी प्रत्येक यंत्र सुटं सुटं चालू करून. चौथी एकेक यंत्रणा म्हणून: सगळे पंप एकत्र, सगळे जनरेटर एकत्र. पाचवी सगळं मिळून: हॉलमध्ये भाड्याच्या लोड बँका, म्हणजे मोठाल्या हीटरच्या पेट्या, मांडायच्या, सर्व्हर असल्यासारखी उष्णता तयार करायची आणि मग वीज तोडायची. एकदा नाही, अनेकदा. एक ट्रान्सफॉर्मर बंद ठेवून, एक जनरेटर देखभालीला काढून, एक चिलर बंद करून. क्लायंटने ‘टिअर थ्री’ मागितलं असेल (हल्ली बहुतेक जण मागतात), तर त्याचा अर्थच हा की कुठलंही एक यंत्र किंवा एक वाट देखभालीसाठी काढली तरी सर्व्हरला ते कळता कामा नये. हे वर्गीकरण अपटाइम इन्स्टिट्यूटचं. ड्रॉइंगवर दोन रेघा आहेत म्हणून ते सिद्ध होत नाही. माझ्याही ड्रॉइंगवर दोन रेघा होत्याच.

तुझ्या दहा आठवड्यांत बहुधा तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही पायऱ्या एकाच गठ्ठ्यात बांधलेल्या असणार. साहेबांना तो गठ्ठा मोठा दिसतो, कारण तो एकाच पट्टीत काढलेला आहे. तो सोड. तिसरी पायरी संपूर्ण इमारत तयार होईपर्यंत थांबवायचं कारण नाही. जनरेटरचं आवार, ट्रान्सफॉर्मरची जागा, पहिल्या विद्युत कक्षाचं छत, या जागा डेटा हॉलच्या आधी पूर्ण करून दिल्यास, तर तिथली यंत्रं हॉलचं फ्लोअरिंग चालू असतानाच उठवता येतील. दहातले तीन-चार आठवडे असे अलीकडे सरकतात. ते कापले जात नाहीत, फक्त आधी होतात. उरलेले सहा-सात आठवडे चौथ्या-पाचव्या पायरीचे. त्यांना हात लावायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

बाकीचे दोन-तीन आठवडे टप्प्यांतून निघतील. १२ मेगावॅट एका तारखेला एकदम द्यायचेत, की ३-३ मेगावॅटचे चार हॉल आहेत? क्लायंट सगळे रॅक एकाच दिवशी भरणार नाही. पहिले दोन हॉल मार्चअखेर पूर्ण तपासून, दुसरे दोन त्यानंतर, असं त्याला विचारून बघ. पुष्कळदा हो म्हणतात, पण कोणी विचारतच नाही. मात्र मेन पॅनल आणि गार पाण्याचे मोठे पाइप सगळ्या हॉलांना सामाईक असतील, तर दुसऱ्या टप्प्याचं जोडकाम करताना चालू हॉल धोक्यात येणार नाही अशा जागी व्हॉल्व्ह आणि ब्रेकर आत्ताच सोडून ठेवायला हवेत. हे डिझायनरला या आठवड्यात विचार. पुढच्या महिन्यात विचारलंस तर उशीर झालेला असेल.

शेड्यूल तू बहुधा पायापासून वर लिहिलंयस, कारण आपण सिव्हिलवाले-इलेक्ट्रिकलवाले सगळे तसंच शिकलो. एकदा कळसाकडून खाली लिहून बघ. शेवटच्या टेस्टला कायमची वीज हवी. कायमच्या वीजेआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी हवी. त्याआधी सबस्टेशन उभं हवं. त्याआधी महापारेषण किंवा महावितरणची वाहिनी तुझ्या कुंपणापर्यंत यायला हवी, आणि तिच्या वाटेतल्या रस्त्यांची, शेतांची, कुठे कांदळवनाची परवानगी. तुझ्या कामात तुझ्या हाताबाहेरची गोष्ट ही आहे, आणि सहा आठवड्यांचा खरा प्रश्न कदाचित पायात नसेलच, या तारेत असेल. तारेचं काम पुढच्या वर्षीच्या मे महिन्यानंतर येणार असेल तर पाया सहा आठवडे लवकर झाला काय किंवा उशिरा झाला काय, सारखंच. असंच डिझेलचं. सर्व्हरच्या १२ मेगावॅटवर कूलिंग वगैरे धरून समजा १८ मेगावॅट लागले, तर जनरेटर तासाला साडेचार हजार लिटरच्या आसपास डिझेल पितात; दिवसाला लाखभर लिटर. एवढ्या साठ्याला पेसोचा (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या खात्याचा) परवाना लागतो, अग्निशमन दलाची एनओसी लागते, प्रदूषण मंडळाची संमती लागते. तहान लागल्यावर विहीर खणायला इथे वाव नाही.

आणि एक गोष्ट आजच विचार: ट्रान्सफॉर्मर, हाय टेन्शन पॅनल, जनरेटर, चिलर यांच्या ऑर्डरी गेल्यात का? ‘गेल्या’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. कारखानदार दिवस मोजतो ते ऑर्डरच्या तारखेपासून नाही, ड्रॉइंग मंजूर होऊन परत मिळाल्यापासून. यातल्या काही वस्तूंना त्यानंतरही वर्षभर लागतं. मी अशी एक फाइल पाहिली आहे, की ऑर्डर डिसेंबरात गेलेली आणि ड्रॉइंग कन्सल्टंटच्या टेबलावर मार्चपर्यंत पडलेलं. ते एक ड्रॉइंग उचलून सही करून घेतलंस, तर तुझ्या मागे पडलेल्या सहा आठवड्यांपेक्षा मोठं काम झालेलं असेल.

आता पाऊस. इथे मला तू हवा आहेस. इथे तू गप्प बसायचं नाहीस, कारण या विषयात त्या मीटिंगमध्ये तुझ्याएवढं कोणालाच कळत नाही.

एप्रिल चालू आहे. आपल्याकडे मृग लागायच्या आत आगोट भरून ठेवतात. सुकं म्हावरं, मिरची, लाकडं, छपराची डागडुजी. ज्या घरात हे राहून जातं त्या घरात जूनभर चूल धुमसते. साइटचीही आगोट असते. तुझ्या हातात साधारण सात आठवडे आहेत. तेवढ्यात कातळाच्या बाजूचे पाये जमिनीबाहेर काढ आणि भराव करून घे. चिखलाच्या बाजूला घाई करू नकोस. तिथे पायल्स (पायाचे खोल खांब) कातळात उतरल्याशिवाय वरचं काही धरू नकोस, आणि नवा भराव पावसाळ्यात बसू दे. एकाच इमारतीचा अर्धा भाग कातळावर आणि अर्धा चिखलावर असला की बसण्यातला फरक भिंतीत दिसायच्या आधी बसडक्टच्या, म्हणजे जाड पट्ट्यांतून वीज नेणाऱ्या बंद पेटीच्या, सांध्यात दिसतो. हे तूच त्यांना सांगायला हवंस.

आणि रिकामी टाकी. पावसाळ्यात उघड्या खड्ड्यात भूमिगत टाकी बांधून रिकामी ठेवलेली मी पाहिली आहे. १० मीटर लांब, ६ रुंद, ३ खोल. तळ आणि भिंती मिळून शंभरएक टन वजन. बाजूचा भराव झालेला नव्हता. रात्रभर पाऊस पडला, खड्डा काठोकाठ भरला. पाण्याने टाकीला दिलेली उचल १८० टनांची. सकाळी एक कोपरा वीतभर वर आलेला, पाइपांचे स्लीव्ह कातरलेले. टाकी होडी झाली होती, दुसरा शब्द नाही. टाकी पाण्याने भरून ठेवली असती तर काहीच झालं नसतं. तुझ्या साइटवर फायरच्या पाण्याची, डिझेलची, कूलिंगची टाकी असणारच. मे अखेरीला प्रत्येक टाकीपुढे ‘भरली का’ असं लिहून त्यावर कोणाची तरी सही घे. डिझेलची टाकी पाण्याने भरता येत नसेल, तर ती पट्ट्यांनी काँक्रीटला बांधल्याशिवाय खड्डा सोडू नकोस.

जोत्याची उंची पुन्हा एकदा तपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड दोन्ही बुडाली. तुझं तळोजं काही चिपळूण नव्हे, हे मला कळतं. पण खाडीला भरती आणि डोंगरातून येणारं पाणी एकाच तासाला भेटलं की नाला उलटा वाहायला लागतो, हे तिथल्या जुन्या गावकऱ्यांना विचार. कुठपर्यंत पाणी आलं होतं ते ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. विजेची कुठलीही वस्तू तळघरात असेल तर ती वर हलवायचा आग्रह धर.

खाऱ्या हवेबद्दल थोडं. साइटवर आलेले पॅनल ताडपत्रीखाली आवारात पडून राहतात. ताडपत्री पाऊस अडवते, पण आत दमटपणा कोंडते. एका कामावर जुलैत आम्ही बसडक्टला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला आणि काटा जवळजवळ शून्यावर. उघडलं तर सांध्यात पाण्याचे थेंब आणि तांब्यावर हिरवट पावडर. एकेक तुकडा काढून हीटर लावून वाळवायला तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे अर्थातच टेस्टिंगमधून घेतले गेले. पॅनलमध्ये दमटपणा घालवायला छोटे हीटर कारखान्यातूनच बसवलेले असतात. पॅनल उतरल्या दिवसापासून त्यांना तात्पुरती वीज दे. एक केबल आणि एक वायरमन, एवढाच खर्च. माल शक्यतो पक्क्या छपराखाली ठेव. बाहेरच्या सगळ्या लोखंडी कामाचा रंग किनारपट्टीच्या दर्जाचा आहे ना, ते कागदावर बघ. आणि हॉलमध्ये महिनाभर तांब्याची आणि चांदीची पट्टी टांगून ठेवायला सांग. तांब्यावरचा गंजाचा थर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या (अतिसूक्ष्म जाडी मोजायचं एकक) आत आणि चांदीवरचा २०० च्या आत असायला हवा. तो जास्त आला, तर बाहेरून येणाऱ्या हवेला रासायनिक फिल्टर लागतील, आणि ते सर्व्हर आत येण्याआधी कळलेलं बरं.

(पाण्याबद्दल एक विचार जाता जाता. पाणी वाफेत उडवून थंड करणारे कूलिंग टॉवर वीज वाचवतात खरे, पण एक युनिट उष्णता उडवायला दीडेक लिटर पाणी जातं. तुझ्या १२ मेगावॅटला दिवसाला चार लाख लिटरांच्या वर, म्हणजे १०,००० लिटरचे ४३ टँकर. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही आपल्या कितीतरी वाड्या मे महिन्यात टँकरची वाट बघतात. निवड तुझ्या हातात नसेल. पण हवेवर चालणारे चिलर आहेत की टॉवर, आणि टॉवर असतील तर पाणी कुठून येणार, हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारायला सिव्हिल-इलेक्ट्रिकल काही लागत नाही.)

तू लिहितोस की मीटिंगला गप्प बसतोस. मला ते आवडलं नाही. कारण टेस्टिंग अडतं ते बहुतेक वेळा तुझ्याच कामावर. भिंतीतून केबल गेल्यावर भोक फायर सीलने बुजवलेलं नसतं. बॅटरी रूमचं दार उलट्या बाजूला उघडतं. यूपीएस चालू करायच्या दिवशी शेजारच्या खोलीत कोणीतरी ग्राइंडर चालवत असतो आणि लोखंडाचा बारीक कीस हवेत उडतो. तो आत गेला की बोर्ड जळतो. बॅटरी रूमचं तर फार जप. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीला आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. बॅटरी आणि सर्व्हर यांच्यामधली भिंत किती तासांची आहे, तिच्यात किती भोकं आहेत, हे तुझं खातं.

आणि विजेच्या चर्चेत एकच प्रश्न दर वेळी विचारत जा: ‘ही एक वस्तू बंद पडली, तर काय काय थांबेल?’ उत्तर ‘काही नाही’ असं आलं तर म्हण, ‘हिची कंट्रोलची वीज कुठून येते ते दाखवा.’ एवढ्या दोन वाक्यांनी माझी ती रात्र वाचली असती.

क्लायंटकडून बदल येणार हेही धरून चाल. पूर्वी एका रॅकला पाच-दहा किलोवॅट पुष्कळ होत. आता एआयसाठीचे काही रॅक १२० किलोवॅटच्या घरात गेलेत आणि त्यांना हवा पुरत नाही, थेट चिपपर्यंत पाइपाने द्रव न्यावा लागतो. बदल करा, पण अमुक तारखेनंतर केला तर हँडओव्हर इतके दिवस पुढे जाईल, हे आत्ताच लिहून घे.

आता साहेब. ‘नाही जमणार’ एवढंच म्हणून उठू नकोस. रविवारी बसून एक पान तयार कर. वर मार्चअखेरची तीच तारीख. खाली तीन ओळी: तिसरी पायरी जनरेटर आवारात कधी सुरू करू, पहिले दोन हॉल कधी देऊ, कुठलं ड्रॉइंग कोणत्या तारखेला सुटायला हवं. आणि शेवटी असं लिही: ‘चौथ्या-पाचव्या पायरीला साडेसहा आठवडे ठेवले आहेत. ते कमी केले तर क्लायंटचा कमिशनिंग एजंट शेड्यूल परत पाठवेल असं मला वाटतं, आणि त्याने नाही पाठवलं तरी मी सही करू शकणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नकोस. क्लायंटने स्वतंत्र कमिशनिंग एजंट नेमलेला असेल तर तो चार आठवड्यांचा कागद पाहून पहिल्याच मीटिंगला विचारेल की लोड बँक कोणत्या दिवशी, कोणत्या हॉलमध्ये. तेव्हा साहेब तुझ्याकडेच बघतील. आज तू त्यांना त्या प्रसंगातून वाचवतोयस, हे त्यांना नीट सांग. आवाज न चढवता, दार लावून, चहा घेता घेता.

नाही केली तर काय होईल, असं विचारलंस. खोटा धीर देणार नाही. ओरडा खाशील. कदाचित शेड्यूल दुसऱ्याला करायला देतील. क्वचित बदली होते. पण चांगला प्लॅनिंग इंजिनियर या धंद्यात सध्या सहज मिळत नाही, ऐरोली-महापे-पनवेल पट्ट्यात तर नाहीच. दुसऱ्याने सही केली तरी तुझं एक पान, तारीख घालून, मेलवर गेलेलं असू दे. ते बचावासाठी नव्हे. ती टेस्ट पुढे केव्हातरी परत मागता यावी म्हणून.

आणि शेड्यूलमध्ये एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. तुझा हँडओव्हर मार्चअखेर आहे आणि शिमगा मार्चमध्येच येतो. आपली माणसं पालखीला गावी जातात, उत्तरेकडचे कामगार होळीला गाडी पकडतात. पाचवी पायरी आणि होळी एकाच आठवड्यात आली, तर लोड बँकच्या केबल ओढायला माणूस मिळणार नाही. वीज तोडायच्या सगळ्या टेस्ट होळीच्या आधी संपतील असं मांड. होळीनंतरचे दिवस सापडलेल्या चुका दुरुस्त करून पुन्हा तपासायला ठेव.

गणपतीचं मात्र उलट आहे. सप्टेंबरच्या सुमाराला तुझे चिलर आणि ट्रान्सफॉर्मर अजून कारखान्यातच असतील, साइटवर स्लॅबचं काम, आणि त्या दिवसांत निम्मी साइट तशीही रिकामी होते. ते दिवस शेड्यूलमध्ये ‘सुट्टी’ म्हणून उघड लिही, लपवू नकोस. खड्ड्यावर पंप, टाक्यांची पातळी आणि पॅनलचे हीटर बघायला दोन भरवशाची माणसं ठेव, त्यांना दिवाळीला बदली रजा दे, आणि तू जा. बाबांना आजच फोन करून सांग. कणकवलीचं तिकीट ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. त्या दिवशी सकाळी मीटिंग ठेवू नकोस.